चारही चाकांना पॉवर

"अण्णा, चारही चाकांना पॉवर. हो, चारही. पुढं चाळीस टक्के, मागं साठ. आणि रस्ता ओला असला की गाडी आपली आपण वाटणी बदलते."

आयर्लंडमधल्या स्लायगोतल्या माझ्या पहिल्याच रविवारी, दुपारी एक वाजता, पलीकडच्या खोलीतून हे ऐकू आलं. मधली भिंत कसली, रंग दिलेला पुठ्ठाच होता तो. २०१६ च्या जानेवारीत मी पुण्याहून तिथल्या हॉस्पिटलात कनिष्ठ डॉक्टर म्हणून लागलो होतो आणि तिथल्याच एका मराठी भूलतज्ज्ञांच्या घरात मला एक खोली मिळाली होती. ते माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठे होते. मी त्यांना सर म्हणायचो. एकटेच राहायचे. लग्न झालं होतं आणि मोडलंही होतं, एवढं मला हॉस्पिटलात कळलं होतं. त्यांनी स्वतः कधी तो विषय काढला नाही.

"तीन लिटरचं इंजिन. सहा सिलिंडर. तीनशे चाळीस हॉर्सपॉवर. शून्यावरून शंभरला पाच पूर्णांक एक सेकंद. नाही अण्णा, सेकंद. मिनिटं नाहीत."

मी कॉटवर उठून बसलो. बाहेर स्लायगोचा पाऊस आडवा येत होता. तो छत्रीखालून येतो, छत्री केवळ शोभेला. आणि माझ्या शेजारच्या खोलीत चारही चाकांना पॉवर असलेला माणूस राहत होता! आईने चतुर्थीसाठी म्हणून बांधून दिलेला साबुदाणा मी त्याच संध्याकाळी भिजत घातला. दुसऱ्या दिवशी सरांपुढे खिचडीची बशी ठेवून अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "सर, गाडी दिसली नाही कुठे बाहेर?"

"सर्व्हिसिंगला आहे," सर म्हणाले आणि दाण्याचा कूट जाडसर झाल्याचं सांगितलं.

पाच आठवडे माझा यावर विश्वास होता. एवढी मोठी गाडी, तेव्हा सर्व्हिसिंगही मोठंच असणार, अशी मी माझी समजूत घातली होती. याच काळात हॉस्पिटलातले लोक मला हुशार समजत होते.

तोवर आम्ही दोघं रोज चालतच हॉस्पिटलात जायचो. सरांबरोबर चालणं हा एक प्रकार होता. उजवीकडे वळायचं असेल तर ते वीस पावलं आधीपासून उजवा हात आडवा धरायचे. थांबण्याआधी डाव्या खांद्यावरून मागे बघायचे, मग उजव्या. रिकाम्या फुटपाथवर, रेनकोट घातलेला एक गंभीर मराठी माणूस हात दाखवत वळतोय, हे दृश्य त्या गावाच्या अंगवळणी पडलं होतं. शाळेत जाणारी पोरं त्यांना पाहून हात दाखवायची. सर त्यांनाही वाट द्यायचे.

"सर, हे कशासाठी?"

"मागून कोणी येत असेल तर?"

मागून कधीच कोणी येत नसे.

त्यांचं दुसरं वेड म्हणजे आकडे. "विशेषण नको, आकडा सांगा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य होतं. पेशंटचा बीपी जरा कमी आहे म्हणालो की "जरा म्हणजे किती?" आमटी छान झाली म्हणालो की "मागच्या बुधवारपेक्षा किती छान?" मी जिना उतरताना पडलो तेव्हा ते वरून धावत आले आणि आधी विचारलं, "कितव्या पायरीवरून?" मी कण्हत कण्हत पायऱ्या मोजल्या. पाचवी होती. "पाचवीवरून काही होत नाही," म्हणाले आणि मग हात दिला. स्वयंपाकघरातल्या कपाटावर, ज्याला तिथले लोक प्रेस म्हणतात, कुकरच्या शिट्यांचं कोष्टक लावलेलं होतं. आत हळदीच्या डब्याशेजारी त्या गाडीचं ब्रोशर असायचं. टॉर्कच्या पानावर हळदीचे डाग होते.

एकदा जेवताना मी विचारलं, "सर, इथे एकटं नाही वाटत?"

"आकड्यात विचारा."

दुखण्याबद्दल पेशंटला विचारतात तसं मी विचारलं, "दहापैकी किती?"

त्यांनी प्रश्न मनावर घेतला. ताट उचललं, धुतलं, पुसून जागेवर ठेवलं. मग म्हणाले, "रविवारी तीन."

बाकीच्या वारांचं विचारायचं मला धाडस झालं नाही.

पाच आठवडे उलटल्यावर एका शनिवारी ते म्हणाले, "येताय का? गाडी बघून येऊ." मला वाटलं, झालं सर्व्हिसिंग. मी चांगला शर्ट घातला. आम्ही पाऊण तास चालून गावाबाहेरच्या शोरूममध्ये पोचलो. काचेमागे ती उभी होती, काळी, लांब, रुंद, ओठ मिटून बसल्यासारखी. विक्रेत्याने लांबूनच हात केला. "ग्रँड, डॉक्टर?" म्हणाला, म्हणजे सगळं ठीक ना, आणि काही न विचारता मागचा दरवाजा उघडला. सर मागच्या सीटवर जाऊन बसले. डोळे मिटले. दहा मिनिटं तसेच बसले. मग बाहेर आले, तीन प्रश्न विचारले आणि उत्तरं तळहातावर पेनने लिहून घेतली.

तेवढ्यात विक्रेता माझ्याजवळ सरकला. "युअर मॅन," म्हणजे आपले साहेब, "दोन वर्षं येतायत. मी एकदा म्हटलं, चालवून बघा, तर महिनाभर फिरकले नाहीत. पण त्रास काही नाही हं त्यांचा. अशा हवेत कोणी आलं की बरंच वाटतं."

तरीही माझ्या डोक्यात उजेड पडला नाही. परतीच्या वाटेवर मी अत्यंत कौतुकाने विचारलं, "सर, म्हणजे एक असताना दुसरी घेताय?"

सर थांबले. आधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघितलं, मग थांबले. "गाडी नाही माझ्याकडे," ते म्हणाले. "मला चालवता येत नाही. टेस्टला चार वेळा नापास झालोय."

"कशात?" एवढंच मला सुचलं.

"प्रोग्रेसमध्ये. रस्ता मोकळा असतानाही मी हळू चालवतो, असं परीक्षक लिहितात."

पाच पूर्णांक एक सेकंदात शंभर गाठणारा माणूस हळू चालवतो म्हणून चारदा नापास झाला होता. मी हसलो नाही. म्हणजे, खोकल्यासारखं काहीतरी केलं.

मग चालता चालता त्यांनी सगळं सांगितलं. त्यांचे वडील, अण्णा, एसटीचे ड्रायव्हर. कराडकडचे. बत्तीस वर्षांत एकही अपघात नाही, त्याचा बिल्ला अजून सदऱ्याला लावतात. पण मुलाला त्यांनी स्टेअरिंगला कधी हात लावू दिला नाही. लावलास तर हेच करत बसशील, म्हणायचे. मुलगा शिकला, डॉक्टर झाला, इथवर आला. फोनवर बोलायची ती आई. अण्णा मागून "बरं हाय म्हनावं" म्हणायचे आणि संपलं. मग आई गेली.

"त्यानंतरचे फोन तीन मिनिटांचे," सर म्हणाले. "जेवलास? जेवलो. पाऊस? आहे. ठिवू? ठेवा. एका रविवारी मी म्हणालो, अण्णा, गाडी घेतली. का म्हणालो, माहीत नाही. अण्णा म्हणाले, कंची? जेवणाखाण्याशिवाय अण्णांनी मला विचारलेला तो पहिला प्रश्न. मग दुसरा विचारला. सव्वीस मिनिटं बोललो आम्ही त्या दिवशी."

दोन वर्षं दर रविवारी ते अण्णांना त्या गाडीची एकेक गोष्ट सांगत होते. डिकी पाचशे तीस लिटर. मागे बसणाऱ्याच्या गुडघ्यांपुढे अमुक मिलिमीटर जागा. बर्फात कुठल्या चाकाला किती जोर. पुरवून पुरवून सांगायचे, एका रविवारी एक पान. ब्रोशर संपत आलं की शोरूम.

पुढच्या वर्षी मी सुट्टीवर निघालो तेव्हा सरांनी अण्णांसाठी एक जाड जाकीट आणि बीपीचं मशीन माझ्या बॅगेत घातलं. आणि माझी तोंडी परीक्षा घेतली. "सिलिंडर?" सहा. "टॉर्क?" चारशे पन्नास. "वजन?" अठराशे किलो. "गिअर?" आठ, ऑटोमॅटिक. मी एमबीबीएसच्या प्रवेशासाठी इतका अभ्यास केला असता तर आणखी बऱ्या कॉलेजात गेलो असतो.

"तुम्ही फक्त आकडे सांगा," सरांनी बजावलं. "मनाचं काही घालू नका."

अण्णा घराबाहेर प्लास्टिकच्या खुर्चीवर वाट बघत बसले होते. उंच, सडसडीत, सदऱ्याला बिल्ला. जाकीट त्यांनी घडीसकट मांडीवर ठेवलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "शिलेंडर किती म्हनला हुता त्यो?"

"सहा."

"टार्क?"

मी धडाधडा सांगत गेलो. अण्णा मान डोलवत होते. सूनबाई नाही, नातू नाही, पगार नाही, तब्येत नाही. फक्त गाडी. शेवटी त्यांनी विचारलं, "तुमी बसलाय का हो त्यात?"

इथे "नाही" म्हटलं असतं तरी चाललं असतं. पण एकदा मैफल रंगली की मला थांबता येत नाही. "बसलोय म्हणजे काय अण्णा, एकदा चालवलीसुद्धा! लोण्यासारखी जाते. फक्त क्लच जरा जड आहे."

अण्णांची मान डोलायची थांबली.

"क्लच?"

"थोडासा. फार नाही."

"आटोमॅटिक हाय म्हनला हुता की त्यो."

मी चहा प्यायलो. कप रिकामा होता, तरी प्यायलो. वाटलं, संपलं. तीन वर्षं सांभाळलेली गोष्ट आपण अर्ध्या तासात पायदळी तुडवली.

अण्णा मात्र गालातल्या गालात हसत होते. "घाबरू नगा, डाक्टर. मला म्हाईत हाय गाडी न्हाई त्ये."

"कधीपासून?"

"पयल्या वर्सापास्नं. आवो, तीन वर्सं झाली, एक पंक्चर न्हाई. येकदा बी गाडीवर चिडला न्हाई त्यो. गाडी चालिवनारा मानूस गाडीला शिव्या देतो. ह्यो आपला पुस्तक वाचल्यागत गाडी सांगतोय." त्यांनी जाकिटाच्या घडीवरून हात फिरवला. "आसंना का खोटं. बोलतंय तरी पोरगं. मी बी शनवारी हितल्या गॅरेजवर जाऊन बसतो. तितल्या मिस्तरीला इचारून ठिवतो, उद्या काय इचारू म्हून. मला तरी काय ठावं, आमच्या येळंला मागल्या चाकावर गाडी चालायची."

रिकामा कप मी हळूच खाली ठेवला.

निघताना अण्णांनी माझा हात धरला. "त्येला कळू दिऊ नगा. लाजंल त्यो. फोन बंद हुईल."

मी त्यांच्या पाया पडलो, वचन दिलं. हे वचन मी विमानात पाळलं, डब्लिनला पाळलं, डब्लिनहून स्लायगोला येणाऱ्या ट्रेनमध्येही तीन तास पाळलं. घरी आलो. सरांनी माझ्यासाठी वरणभात केला होता. समोर बसून त्यांनी विचारलं, "काय काय विचारलं अण्णांनी? सगळं नीट सांगितलंत ना?"

"सगळं सर. सिलिंडर, टॉर्क, वजन. एका क्लचचं सोडलं तर."

"क्लच?" सरांनी चमचा खाली ठेवला. "त्या गाडीला क्लच नाही."

"हो ना," मी म्हणालो. "अण्णाही तेच म्हणाले."

वाक्य तोंडातून बाहेर पडलं आणि मग मला ऐकू आलं. सर माझ्याकडे बघत राहिले. मी सावरायला गेलो आणि सावरता सावरता उरलेलंही सगळं सांगून टाकलं, पंक्चरपासून गॅरेजपर्यंत. सरांनी ताट न धुता बेसिनमध्ये ठेवलं आणि खोलीत गेले. त्या घरात न धुतलेलं ताट मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

त्या रविवारी एक वाजला. पलीकडून आवाज नाही. सर स्वयंपाकघरात ओव्हन घासत होते, जो त्यांनी आदल्याच दिवशी घासला होता. मी पोळ्या लाटत होतो. सव्वा वाजला. अण्णा तिकडे फोन पुढ्यात घेऊन बसले असतील. पोळ्यांचे आकार एरवीही माझे बरे नसतात. त्या दिवशी त्यांच्याकडे बघवत नव्हतं.

एक वीसला फोन वाजला. माझा. कराडला मी अण्णांना नंबर दिला होता. हात पिठाचे, म्हणून कोपराने स्पीकर लावला.

"डाक्टर, आमच्या पोराचा फोन न्हाई आला. बरा हाय न्हवं?"

ओव्हनमध्ये डोकं घातलेले सर बाहेर आले. त्यांच्या कपाळाला काजळी लागली होती.

"अण्णा, मी आहे," ते म्हणाले. आणि जरा वेळाने, "अण्णा, गाडी नाही."

"म्हाईत हाय."

"मला चालवता येत नाही."

"आं?" हे मात्र अण्णांना माहीत नव्हतं. "आजिबात?"

"चार वेळा नापास झालो. हळू चालवतो म्हणतात."

तिकडून एक विचित्र आवाज आला. मला वाटलं, म्हातारा रडतोय. अण्णा हसत होते. खोकत खोकत, धाप लागेपर्यंत. "आरं, माज्या बसमदी लोकं वरडायची, ड्रायवर, जरा हळू! आन माजं पोरगं हळू चालिवतो म्हून नापास!" सरही हसायला लागले. त्यांना हसताना मी पहिल्यांदाच बघत होतो, आणि ते फार बरं दिसत नव्हतं, सवय नव्हती त्यांना.

हसणं ओसरल्यावर अण्णा म्हणाले, "खुर्ची घे."

"कशाला?"

"घे म्हनतोय न्हवं. बस. डाव्या पायाखाली काय तरी ठिव. त्यो तुजा क्लच."

त्या रविवारपासून शिकवणी सुरू झाली. स्वयंपाकघराच्या मधोमध खुर्ची. जमिनीवर तीन चपला, त्यातली एक माझी. हातात स्टीलचं ताट, डावीकडे बरणीत उभं केलेलं लाटणं. टेबलावर फोन, त्यात कराडहून अण्णांचा आवाज. "सोड क्लच. सावकास. आता बस थरथरली पायजे. थरथरली का?" सर डोळे मिटून म्हणायचे, "थरथरली." "मग टाक दुसरा. आरं टाक की, म्हागं पन्नास मानसं बसल्यात, त्यांस्नी घरी जायाचंय!" अण्णा तोंडाने इंजिनाचा आवाज काढायचे. शेजारची आयरिश म्हातारी एकदा खिडकीतून बघून गेली आणि दुसऱ्या दिवशी तिने मला विचारलं, ही तुमची प्रार्थना का?

आकडे गेले. त्यांच्या जागी घाट आले, कुंभार्लीचं कुठलं वळण कुठल्या गिअरमध्ये घ्यायचं ते आलं. पूर आलेल्या पुलाअलीकडे गाडी उभी करून अण्णांनी सगळ्या प्रवाशांना कांदाभाकर कशी खायला घातली ते आलं. सरांची आई पहिल्यांदा अण्णांच्या गाडीत बसली ती तिकीट काढून, हेही आलं. हे सरांना पन्नाशीला टेकेपर्यंत माहीत नव्हतं. फोन तासावर जायला लागले. पोळ्या लाटायला मला लाटणं मिळेना.

मधल्या वारी सर क्लासच्या छोट्या गाडीत खरेखुरे तास घ्यायचे. एक दिवस शिक्षकाने मला रस्त्यात गाठून विचारलं, यांना अचानक झालंय काय, मोकळा रस्ता दिसला की म्हणतात, मागे पन्नास माणसं बसलीत.

पाचव्या टेस्टला मी सोबत गेलो. केंद्रात बाकावर बसून राहिलो. चाळीस मिनिटांनी सर आले. माझ्याशेजारी बसले. हातात कागद.

"काय झालं, सर?"

"पास," ते म्हणाले. पेशंटच्या नातेवाइकांना बाहेर येऊन सांगतात, तसं.

"अहो, मग पेढे!"

त्यांनी कागदाची घडी घातली. मग आणखी एक. खिशात ठेवला. हॉस्पिटलपर्यंत आम्ही चालत आलो. वळणावर त्यांनी हात दाखवला नाही.

रविवार आला. एक वाजता सर फोन घेऊन स्वयंपाकघरात आले. मी कांदा चिरत होतो.

"झाली टेस्ट?" अण्णांनी विचारलं.

"झाली."

"मग?"

सरांचा हात खिशाशी गेला. तो कागद अजून तिथेच होता, दोन घड्यांचा. त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी, जन्मभर नको तिथे बोललेला माणूस, कांद्याकडे बघत राहिलो.

"नापास, अण्णा."

पलीकडे लांब कोणाची तरी स्कूटर सुरू होत होती, होत नव्हती.

"कशात?"

"प्रोग्रेस."

"आसं." मग खुर्ची सरकवल्यासारखा आवाज आला, कराडला. "बरं मग. घे खुर्ची. पयल्यापास्नं."